मातीचे विरजण

‘जिवाणू खत’ हा शब्द मराठीत रूढ होऊन आता काही दशके लोटली. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर युरियाच्या पोत्याशेजारी काळसर भुकटीची पाव किलोची पाकिटे मांडलेली असतात, त्यांवर हा शब्द छापलेला असतो, आणि घेणारा शेतकरीही ते खत समजूनच घेतो. माझा व्यवसाय जन्मभर भाषेचा. तेव्हा शेतीशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क मला नाही. परंतु एखाद्या वस्तूला सदोष नाव मिळाले म्हणजे पाठोपाठ व्यवहारही कसा चुकत जातो, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे. ‘जिवाणू खत’ या नावाने असाच घोटाळा केला आहे, असे माझे मत आहे.

खत म्हणजे पिकाचे अन्न. ते कोणत्याही जमिनीत टाकले तरी थोडेफार लागू पडते, आणि कोठारात उन्हाळाभर पडून राहिले तरी मरत नाही, कारण ते जिवंत नसतेच. पाकिटातील भुकटी या लक्षणांत बसत नाही. तिला जवळचा असा एक शब्द आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. तो म्हणजे विरजण. विरजणाचे नियम आपणां सर्वांना ठाऊक आहेत. ते चमचाभर पुरते. पण ते जिवंत असावे लागते. दूध कढत असेल तर ते मरते, फार गार असेल तर निपचित पडते. आणि ज्या भांड्यात आधीच दही लागलेले आहे, त्यात आणखी चमचाभर उत्तम विरजण घातल्याने काहीही बदलत नाही. कोरड्या मुलखातील कुरणे सुधारण्यासाठी मातीतील उपकारक जिवाणूंचा उपयोग गेली शंभरसव्वाशे वर्षे जगात होत आला आहे, आणि त्यातील यशापयशाचा बहुतेक सर्व उलगडा या घरगुती नियमांनी होतो.

प्रथम मुळाशी काय चालते ते पाहू. आपल्या भोवतीच्या हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायू आहे. वनस्पतीला नत्राविना प्रथिने घडविता येत नाहीत, आणि तरीही या अथांग साठ्यातील कणही तिला थेट घेता येत नाही. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांस जखडलेले असतात. कारखान्यात त्यांचा अमोनिया करावयाचा तर चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. युरियाची किंमत ही पुष्कळशी त्यासाठी जाळलेल्या इंधनाची किंमत होय. हेच काम काही जिवाणू मातीच्या साध्या उबेत करतात. द्विदल वनस्पतींच्या मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात, त्या या जिवाणूंच्या वसाहती. वनस्पती आपल्या पानांत तयार झालेली साखर खाली पाठविते, जिवाणू त्या बळावर नत्राचा बंध फोडून अमोनिया देतात. हा सौदा स्वस्त नाही. गाठींना पोसण्यात वनस्पतीच्या कमाईचा मोठा वाटा खर्ची पडतो. शिवाय ज्या विकराच्या साहाय्याने हे घडते तो प्राणवायूचा स्पर्श झाला की निकामी होतो. म्हणून गाठीत वनस्पती एक तांबडे द्रव्य तयार ठेवते, जे प्राणवायूला बांधून ठेवते आणि बेताबेताने सोडते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचेच ते नातलग. कामकरी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी-तांबूस दिसते ती यामुळेच. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर गाठ आहे पण काम नाही असे समजावे.

हे ज्ञान फार जुने नाही. हेल्रीगेल व विल्फार्त या जर्मन संशोधकांनी १८८६ साली बर्लिन येथे प्रथम हे मांडले. १८८८ साली हॉलंडमधील बायरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा काढून वाढविला. आणि १८९६ च्या सुमारास नोबे व हिल्टनर यांनी तो ‘नायट्राजिन’ या नावाने बाजारातही आणला. शोधापासून दुकानापर्यंतचा हा प्रवास अवघ्या दहा वर्षांचा आहे. आपल्याकडे या विषयाचा पहिला अभ्यास बिहारमधील पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी केला व तो १९२० साली प्रसिद्ध झाला.

तथापि या जिवाणूंनी एखाद्या देशाच्या कुरणांचे रूप पालटले असे पाहावयाचे असेल, तर दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे वळावे लागते. त्या खंडाची माती जगातील अतिप्राचीन मातींपैकी. युगानुयुगे धुपून, झिजून तिच्यातील स्फुरद व नत्र जवळजवळ संपलेले. हिवाळ्यात बेताचा पाऊस आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. अशा भूमीवर मेंढ्या पाळून लोकरीवर संसार करणारे वसाहतवाले तेथे स्थिरावले. १८८९ साली माउंट बार्करजवळ एमॉस हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या ध्यानात आले की, भूमध्यसागराच्या प्रदेशातून कधीतरी नकळत येऊन पोचलेले एक क्लोव्हर जातीचे तण तेथे उत्तम माजते. या वनस्पतीची गंमत अशी की, फुले सरली म्हणजे तिचा देठ खाली वळतो आणि बियांचा गोंडा मातीत शिरतो, आपल्या भुईमुगासारखाच. त्यामुळे उन्हाळ्याच्या होरपळीतही बी सुरक्षित राहते आणि पुढील पावसाला आपोआप उगवते. हॉवर्ड यांनी या तणाचा पुरस्कार आयुष्यभर केला. पुढे सुपरफॉस्फेटची जोड मिळाली आणि ‘सब आणि सुपर’, म्हणजे हे भूमिगत क्लोव्हर व ते खत, ही जोडगोळी तेथील शेतकऱ्याच्या तोंडी बसली. याहून कोरड्या आणि चुनखडीच्या भागांत क्लोव्हरची जागा मेडिक या लसूण घासाच्या वर्षायू भाईबंदांनी घेतली.

परंतु क्लोव्हरचा जिवाणू त्या मातीत मुळातच नव्हता. हा मुद्दा सर्व प्रकरणाची किल्ली आहे. प्रत्येक जिवाणूचे सोयरसंबंध ठरलेले असतात. मेथीला व लसूण घासाला एकच जिवाणू चालतो, वाटाणा व मसूर यांचा दुसरा, हरभऱ्याचा तिसराच, चवळी, मूग, मटकी, भुईमूग ही मंडळी मात्र त्या मानाने उदार, त्यांचे एका मोठ्या गोतावळ्याशी जमते. ऑस्ट्रेलियात क्लोव्हर उपरे, तेव्हा त्याचा सोयरा मातीत कोठून असणार? नव्याने मोडलेल्या जमिनीत नुसते बी टाकले की रोपे पिवळी पडून खुरटत. त्याच बियांना जिवाणू चोळून पेरले की शेजारच्या पट्ट्यात हिरवीगार. ताज्या, निर्जंतुक दुधाला विरजण लागावे, तसा हा प्रकार होता. माळव्यात सोयाबीन नव्याने आले तेव्हा त्याच्याही बियांना जिवाणू चोळण्याला असाच अर्थ होता, कारण ते पीकही त्या मातीला अनोळखी होते.

तरीही वाट सोपी नव्हती. पुष्कळ ठिकाणी जिवाणू लावूनही गाठी धरीनात. कारणे एकेक करून उघडकीस आली. शेतकरी सोयीसाठी जिवाणू लावलेले बी सुपरफॉस्फेटमध्ये मिसळून एकत्रच पेरीत. ते खत आंबट, त्यात जिवाणू मरून जात. माती आम्ल असली तरीही तीच गत. यावर १९५५ साली एक साधा उपाय प्रसिद्ध झाला. बियांवर डिंकाच्या पाण्यात जिवाणू कालवून लावावेत आणि वरून चुनखडीच्या तलम भुकटीत बी घोळावे. रव्यात लाडू घोळवावा तसे प्रत्येक बी स्वतःचे चिलखत घेऊन मातीत उतरते, आणि पहिले काही दिवस, जे जिवाणूच्या आयुष्यातील सर्वांत कठीण, ते निभावून जातात. सबंध शेतात चुना टाकण्याच्या मानाने हा खर्च अत्यल्प होता.

दुसरे कारण याहून चमत्कारिक निघाले. १९४२ साली ए. जे. अँडरसन यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका लोहमय मातीत असे दाखवून दिले की, तेथे क्लोव्हर खुरटते ते मॉलिब्डेनम या धातूच्या अभावी. (या धातूला मराठी नाव नाही, आणि आता कोणी नवे घडवू नये हे बरे.) नत्राचा बंध फोडणाऱ्या विकराच्या गाभ्यात हा धातू असतो, तो नसेल तर गाठी असूनही काम ठप्प. लागतो किती, तर एकराला काही तोळे. कित्येक मैलांचे उजाड माळ केवळ एवढ्यासाठी अडून राहिले होते. जिवाणूचे पाकीट घेऊन माळावर जाणाऱ्याने हे प्रकरण विसरू नये. जिवाणू नत्र आणतो; स्फुरद, चुना, गंधक वा मॉलिब्डेनम आणत नाही. जेथे मातीत स्फुरदाचाच दुष्काळ आहे तेथे जिवाणूंची पराकाष्ठा व्यर्थ आहे.

मिळकत किती होते, याचा तेथील संशोधकांनी एक ठोकताळा बसविला आहे. द्विदल चाऱ्याचा जमिनीवरचा पाला सुकवून एक टन भरला, तर त्यामागे साधारण २० ते २५ किलो नत्र हवेतून आलेले असते. या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. नत्राचे प्रमाण जिवाणूंच्या संख्येवर अवलंबून नाही, ते चाऱ्याच्या वाढीवर अवलंबून आहे. पाला वाढला नाही तर नत्रही नाही. शेजारच्या गवताला हे नत्र लगेच मिळत नाही. मुळे व पाने कुजून आणि जनावरांच्या लेंड्या-मूत्रातून ते सावकाश मातीत उतरते. आपल्या मुलखात शेतात धनगरांची मेंढरे बसविण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही माळावरचे नत्र उचलून शेतात आणण्याचाच हिशेब आहे. मात्र माळावर द्विदल वनस्पती मुबलक नसतील तर मेंढरे केवळ माळाचे भांडवल मोडून शेताला व्याज देतात.

या यशाला दुसरीही बाजू आहे, आणि व्याख्यानांतून ती बहुधा गाळली जाते. नत्र साठले, पण पावसाळी महिन्यांत त्याचा नायट्रेटरूपाने निचरा होऊन वर्षानुवर्षांत माती आम्ल होत गेली. म्हणजे जिवाणूंना जे सोसत नाही तेच जिवाणूंच्या कामगिरीतून निर्माण झाले. मग आम्लता सोसणाऱ्या जिवाणूंचा शोध सुरू झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधक जॉन हॉविसन यांना १९८१ साली सार्डिनिया बेटावर असा एक जिवाणू मेडिकच्या गाठीत मिळाला. १९८५ पासून काही वर्षे तो तेथील शेतकऱ्यांना मेडिकसाठी पुरविण्यात आला आणि आंबट वाळूवर मेडिकची कुरणे शक्य झाली. विरजण बदलले, दही लागले.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. याच भूमध्य प्रदेशातून बायसेरुला नावाची खोल मुळांची, कोरड्याला काटक अशी द्विदल वनस्पती पश्चिम ऑस्ट्रेलियात आणली गेली व तिचे पहिले वाण १९९७ साली प्रसारित झाले. तिचा जिवाणूही बरोबर आणला गेला, कारण तेथील मातीत तो नव्हता. सहाएक वर्षांनी गाठी तपासल्या तेव्हा काहींत हा आणलेला जिवाणू नव्हताच. मातीतील स्थानिक जिवाणू तेथे ठाण मांडून बसले होते. उकल अशी झाली की, आणलेल्या जिवाणूने गाठ धरण्याची विद्या ज्या जनुकांत साठविलेली होती, ती जनुकेच मातीत राहणाऱ्या दूरच्या नातलगांना देऊन टाकली. त्यांनी गाठी धरल्या, पण नत्र द्यावयाची वेळ येताच काही अगदीच कुचकामी ठरले, काही पुष्कळ कमी. पाहुण्याची घराची किल्ली शेजाऱ्याने घ्यावी, ताटावर बसावे आणि काम मात्र करू नये, असा हा मामला. निष्कर्ष २००६-०७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. खताच्या पोत्याला असे काही करता येत नाही. जिवंत वस्तू मातीत सोडली की ती आपल्या हुकमात राहत नाही. तेथील जुन्या रहिवाशांशी ती देवघेव करते. म्हणूनही मला ‘खत’ हा शब्द खुपतो.

आता गवतांविषयी थोडे. वर सांगितले ते सारे द्विदलांचे. आपल्या माळावरची पवना, मारवेल, कुसळी ही गवते एकदल, त्यांना अशा गाठी नसतात. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या विदुषींनी १९६० व ७० च्या दशकांत दाखविले की, उष्ण प्रदेशातील कुरणांच्या गवतांच्या मुळांशीही नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात. त्यांपैकी अ‍ॅझोस्पिरिलम हा पुढे जगभर गाजला. आता युरियाचे दिवस संपले, अशी आशा त्या वेळी पुष्कळांना वाटली. ती तशी खरी ठरली नाही. पुढील संशोधनातून दिसले की, या जिवाणूचा मुख्य उपकार नत्राचा नसून मुळांचा आहे. तो वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतो, त्यामुळे बारीक मुळ्या अधिक फुटतात आणि पाणी व अन्नद्रव्ये अधिक मातीतून गोळा होतात. कोरडवाहू मुलखात हेही थोडे नव्हे. १९९४ साली वीस वर्षांच्या शेतावरील प्रयोगांचा जगभरचा आढावा घेण्यात आला, तेव्हा सुमारे साठ ते सत्तर टक्के प्रयोगांत लाभ दिसला होता व उत्पन्नातील वाढ पाच ते तीस टक्क्यांच्या दरम्यान होती. म्हणजे दहांपैकी तीन-चार वेळा काहीच हाती लागले नाही. हे आकडे प्रामाणिक आहेत. पाकिटावर मात्र ते छापलेले नसतात. ब्राझीलने या कामाचा पिच्छा सोडला नाही. डोबेराइनर यांच्याबरोबर काम केलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांनी निवडक अ‍ॅझोस्पिरिलम ब्राझीलच्या ब्रॅकियारिया कुरणांपर्यंत नेले, आणि २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

येथून आपल्या दाराशी येऊ. आपल्या जिल्ह्याचे पश्चिम अंग पावसात भिजते, तर पूर्वेकडील अथणी, रामदुर्ग, सौंदत्ती हा पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. तेथील गायराने, मुरमाड बरड माळ आणि त्यांवर जगणारी गुरे-मेंढरे यांच्यासाठी वरील इतिहासातून काय घ्यावे? क्लोव्हर निश्चित नव्हे. तेथे पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर. ते बी येथे उगवले तरी टिकणार नाही. घ्यावयाची ती रीत. आपल्या हवामानाला मानवणारे द्विदल म्हणजे उष्ण अमेरिकेतून आलेले स्टायलो. कोरड्याला ते चिवट आहे, मुरमातही तग धरते. झाशी येथील भारतीय चारा व गवत संशोधन संस्थेचे विभागीय केंद्र आपल्या शेजारी धारवाडला आहे. तेथे स्टायलोवर काम झाले आहे व चौकशी करणाऱ्याला ते दूर नाही.

आता विरजणाचा प्रश्न. स्टायलोची हमाटा ही जात चवळीच्या गोतावळ्यातल्या जिवाणूंवर भागवते. आपल्या जमिनीत चवळी, मटकी, हुलगा, भुईमूग शतकानुशतके पिकत आले; त्यांचे जिवाणू मातीत आधीच अफाट संख्येने आहेत. हे दही लागलेले भांडे आहे. येथे हमाटासाठी पाकीट आणून फार फरक पडेल अशी अपेक्षा धरू नये. पडला नाही तर पाकिटाला नावे ठेवू नयेत. याच स्टायलोची सीब्राना ही जात मात्र चोखंदळ; तिला तिचाच जिवाणू लागतो, आणि तो न देता ती पेरणे म्हणजे ऑस्ट्रेलियातील पिवळ्या क्लोव्हरची पुनरावृत्ती. तीच गोष्ट नव्या गावात प्रथमच लावलेल्या लसूण घासाची, जेथे मेथीदेखील कधी पिकलेली नाही.

पाकीट जिवंत आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात पुष्कळ माल निकृष्ट निघू लागला तेव्हा सिडनी विद्यापीठाचे प्रा. जे. एम. व्हिन्सेंट यांच्या पुढाकाराने स्वतंत्र तपासणी सुरू झाली, आणि त्या देशाच्या यशाचे श्रेय मी जिवाणूंइतकेच या तपासणीला देईन. आपल्याकडे २००६ साली ही पाकिटे खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत असा दंडक आहे. कायदा चांगला आहे. परंतु कारखान्यातून निघताना पाच कोटी असलेले जिवाणू एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात चाळीस अंशांच्या वर किती उरतात, हे कायद्याला दिसत नाही. आपल्या भागात हीच खरी मेख आहे. पेरणी जूनमध्ये, म्हणजे पाकिटांचा सर्व मुक्काम भर उन्हाळ्यात. अंतिम तारीख पाहावी, दुकानातील फळीला ऊन लागते का तेही पाहावे, आणि घरी आणल्यावर माठाच्या गारव्यापाशी ठेवावे; युरियाच्या पोत्यावर ठेवू नये.

स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून ते पेरणीपूर्वी थोडा वेळ गरम पाण्यातून काढण्याची रीत आहे. बी पूर्ण गार झाल्यावरच जिवाणू लावावेत. कढत दुधात विरजण घालू नये. गुळाच्या किंवा डिंकाच्या पाण्यात भुकटी कालवून बियांना सावलीत चोळावी, सावलीतच सुकवावी आणि त्याच दिवशी, ओल झालेल्या जमिनीत पेरून लगेच मातीआड करावी. कोरड्या मातीवर उन्हात उघडे पडलेले बी पुढील पावसाची वाट पाहू शकते, त्याच्या अंगावरचे जिवाणू पाहू शकत नाहीत. स्फुरदाची मात्रा द्यावी, पण ती बियांत मिसळून नव्हे. आणि पहिले वर्ष माळ राखावा. गुरांनी पाला खाऊन टाकला की गाठींची साखर तुटते आणि गाठी गळतात. पुष्कळ गावांत गायरान अतिक्रमणाने अर्धे झाले आहे आणि उरलेल्यावर बारा महिने मोकाट चराई चालते. तेथे जगातील उत्तमातला उत्तम जिवाणू आणला तरी त्याला पोसणारे पान शिल्लक नाही. हा प्रश्न ग्रामसभेचा आहे, प्रयोगशाळेचा नाही.

पेरणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी खुरप्याने चार-दोन रोपे मातीसकट उचलावीत. उपटू नयेत, गाठी मातीत तुटून राहतात. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुऊन गाठी फोडून रंग पाहावा. आणि प्रत्येक माळावर एक पट्टा असा ठेवावा, ज्याचे बी, पेरणीचा दिवस, स्फुरद सर्व काही तेच, फक्त जिवाणू लावलेले नाहीत. तो पट्टा आधी पेरावा, नाहीतर हाताला लागलेले जिवाणू त्यातही जातात.